डोंगरवाटेवरचा पाहुणा आणि गावाचे अर्थकारण

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



पर्यटनाच्या अभ्यासात पर्यटकांची संख्या हा सर्वांत सोपा आणि तितकाच फसवा आकडा आहे. लडाख १९७४ मध्ये पर्यटकांसाठी खुले झाले. त्या काळी तेथे येणारे प्रवासी शेकड्यांत मोजले जात. २०२२ या एका वर्षात त्यांची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली. २०११ च्या जनगणनेनुसार लडाखची लोकसंख्या २,७४,२८९ होती. म्हणजे यजमानांच्या जवळजवळ दुप्पट पाहुणे. प्रगतीचा पुरावा म्हणून हा आकडा अनेक व्यासपीठांवरून सांगितला जातो. परंतु पाहुण्याने खर्च केलेल्या शंभर रुपयांपैकी किती रुपये तो ज्या गावातून चालत गेला त्या गावात उरले, हे त्यातून कळत नाही. आजच्या विषयाचा गाभा हाच आहे.

अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. लेहमधील एखाद्या संस्थेमार्फत निघालेल्या पदभ्रमण गटाचे उदाहरण घ्यावे. तंबू, डबाबंद अन्न, गॅसच्या टाक्या आणि स्वयंपाकी हे सारे बाहेरून येते. सामान वाहणारी घोडी-खेचरे वाटेवरच्या कुरणांत चरतात. ही कुरणे गावकऱ्यांच्या शेळ्यामेंढ्यांची असतात, तशीच भरल नावाच्या रानमेंढ्यांचीही असतात. गट तीन-चार गावे ओलांडून जातो आणि गावाच्या वाट्याला फार तर तंबूच्या जागेचे भाडे, थोडा कचरा आणि तुडवलेले गवत येते. खर्च मोठा, उलाढाल मोठी. पण पैसा ज्या शहरातून निघाला त्याच शहरात परततो.

आता एकट्या पदयात्रिकाचा विचार करावा. त्याच्या पाठीवर एक पिशवी असते. स्वयंपाकी नाही, तंबू नाही, घोडे नाही. त्याला रात्रीपुरते छप्पर, दोन वेळचे जेवण, सकाळी बरोबर देण्यासाठी भाकरीसारखे काही आणि पुढच्या वाटेची माहिती हवी असते. या चारही गरजा गावातच भागतात. एकूण खर्चाने तो गरीब ग्राहक ठरतो, पण गावाच्या हिशेबात अनेकदा तोच अधिक मोलाचा असतो. अर्थात एकट्याने पर्वतात फिरण्यात धोके आहेत आणि त्यांचीही एक आर्थिक बाजू आहे. तिचा विचार पुढे करावयाचा आहे.

रुमबाकचा प्रयोग

लेहपासून वाहनाने झिंगचेनपर्यंत जावे आणि तेथून ओढ्याच्या काठाने अरुंद घळीतून दोन-तीन तास चालावे, की रुमबाक लागते. सातूची व वाटाण्याची लहान शेते, मातीच्या विटांची पांढरी घरे, छपरांवर रचलेले गवत आणि सरपण. गाव एवढे लहान, की घरे एका नजरेत मोजता येतात. त्यापुढील युरुत्से तर एकाच घराचे गाव म्हणून पदयात्रिकांना ठाऊक आहे. ही गावे हेमिस राष्ट्रीय उद्यानात मोडतात. १९८१ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर पसरलेले असून भारतातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे.

येथील कुटुंबांच्या दृष्टीने राष्ट्रीय उद्यानाचा अर्थ हिमबिबट्या असा होता. हा प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. रात्री तो मेंढरांच्या वाडग्यात शिरला, तर एका जनावरावर थांबत नाही. कोंडलेल्या, सैरावैरा धावणाऱ्या कळपातील अनेक जनावरे तो एका रात्रीत मारतो. ज्याची सारी बचत शेळ्यामेंढ्यांत आहे त्याच्यासाठी ही बँक बुडण्यासारखीच घटना असते. अशा सकाळी संतापलेल्या गावकऱ्यांच्या हातून बिबट्या मारला जाणे हे लडाखमध्ये फारसे नवल नव्हते. येथे बाह्य परिणामाच्या सिद्धान्ताचे एक निर्दय उदाहरण दिसते. हिमबिबट्या जिवंत राहिल्याचा आनंद साऱ्या जगाला होतो, आणि त्याची किंमत मात्र रुमबाकमधील एखादी गृहिणी मोजते.

हिमबिबट्यासाठी काम करणाऱ्या स्नो लेपर्ड कन्झर्व्हन्सी या संस्थेने आणि तिचे भारतातील प्रवर्तक, लडाखचे गिर्यारोहक रिन्चेन वांगचुक यांनी या प्रश्नाला दोन बाजूंनी हात घातला. पहिली बाजू साधी होती. वाडग्यांना जाळीचे छत आणि घट्ट बसणारे दार करावयाचे. साहित्याला संस्थेची मदत, श्रम आणि दगड-माती गावाची. दुसरी बाजू उत्पन्नाची. नुकसान भरून काढण्यासाठी काय करता येईल, यावर गावकऱ्यांशी झालेल्या चर्चांतून पाहुण्यांना घरात ठेवण्याची कल्पना पुढे आली आणि २००२ च्या सुमारास गृहनिवासाचा, म्हणजे व्यवहारातील होमस्टेचा, उपक्रम सुरू झाला. रिन्चेन वांगचुक यांचे २०११ मध्ये निधन झाले. उपक्रम लडाखच्या इतर खोऱ्यांत पसरला.

या उपक्रमाचे नियम अभ्यासण्याजोगे आहेत. पाहुण्यांसाठी नवी इमारत बांधावयाची नाही, असलेल्या घरातील एक खोली द्यावयाची. जेवण घरचेच: थुकपा, भाज्या घालून शिजवलेला स्क्यू, सातूचे पीठ, लोणी-मिठाचा गुर-गुर चहा. शौचकूप लडाखी पद्धतीचा, पाण्याविना चालणारा, ज्याचे खत वसंतात शेतात जाते. दर सर्वांना सारखा. पाहुणे घरोघर पाळीने. आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा गावाच्या संवर्धन निधीत. हा निधी कचरा हटवणे, झाडे लावणे अशा सामाईक कामांसाठी असतो.

पाळीचे अर्थशास्त्र

या नियमांपैकी पाळीचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत नाजूकही. समजा, एका गावात १२ घरे आहेत आणि हंगामात २४० पाहुणे-रात्री मिळतात. पाळी असेल तर प्रत्येक घराला २० रात्री मिळतील. पाळी नसेल तर काय होईल? गावात शिरताच जी तीन घरे लागतात त्यांच्या दारात बहुतेक पाहुणे थांबतील. चौथे घर दर उतरवील. पहिली तिन्ही घरे मग आणखी उतरवतील. काही वर्षांत पाहुणा तेवढाच येईल, पण गावाचे एकूण उत्पन्न घटलेले असेल आणि शेजाऱ्यांत अबोला असेल तो वेगळाच. प्रत्येकाने स्वतःपुरते शहाणपणाने वागावे आणि सर्वांचे मिळून नुकसान व्हावे, ही खेळ-सिद्धान्तातील परिचित कोंडी आहे. हिमबिबट्याच्या दृष्टीने पाहिले तर फरक याहून मोठा ठरतो. वरच्या कडेचे जे घर पाहुण्यांना मुकते, नेमक्या त्याच घराची जनावरे कड्याला लागून चरतात. लाभ वाटला गेला नाही, तर संवर्धनाची संमतीही वाटली जात नाही.

सामाईक साधनसंपत्ती ही सरकारी मालकी वा खाजगी मालकी याशिवाय तिसऱ्या मार्गानेही, वापरकर्त्यांनी स्वतः घालून घेतलेल्या नियमांनी, टिकवता येते, हे दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परीक्षार्थी हे नाव पाठ करतात, आणि ते करावेच. परंतु त्यांच्या म्हणण्याचा अर्थ रुमबाकसारख्या गावातील पाळीच्या नोंदवहीत अधिक लवकर कळतो. लडाखमध्ये शेताला पाणी सोडण्याची पाळी ठरवणारा चुरपोन हा गावकामगार परंपरेने असतोच. पाहुण्यांची पाळी ही त्याच सवयीची नवी शाखा आहे. अशी सवय नसलेल्या गावात हे नियम कागदावर जसेच्या तसे उतरवून चालतील, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल.

पाळीला दोषही आहेत. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीला आणि कंटाळून दोन पदार्थ पुढे करणाऱ्या घराला सारखेच पाहुणे मिळत असतील, तर सुधारणेची प्रेरणा उरत नाही. त्यात आता मोबाइलवरून होणाऱ्या आरक्षणाची भर पडली आहे. पाहुणा घराबाहेर पडण्यापूर्वीच छायाचित्रे आणि अभिप्राय पाहून घराचे नाव ठरवून येतो. ग्राहकाला आधी माहिती मिळणे हे बाजाराच्या दृष्टीने इष्टच; जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलेल्या माहितीच्या विषमतेवरील तो एक इलाजच आहे. पण हा इलाज एका घराला प्रसिद्ध करतो आणि गावाला विसरतो. या पेचातून निसटण्याचा एक मार्ग म्हणजे नोंदणी घराच्या नव्हे तर गावाच्या नावाने ठेवणे. तो अवलंबणे वाटते तितके सोपे नाही, कारण प्रसिद्ध झालेल्या घराने प्रसिद्धी वाटून घ्यावी लागते.

चुलीपाशी होणारे उत्पादन

लडाखी घरातील सर्वांत मोठी आणि उबदार खोली स्वयंपाकाची असते. मध्ये नक्षीदार लोखंडी चूल, भिंतीवर रांगेने लावलेली पितळी-तांब्याची भांडी, खाली बसण्यासाठी गालिचे. थकून आलेल्या पाहुण्याला ‘जुले’ म्हणून तेथेच बसवले जाते. या खोलीत होणारे काम राष्ट्रीय लेख्यांच्या दृष्टीने मोठे विलक्षण आहे. गृहिणी जो थुकपा मुलांसाठी शिजवते तो स्थूल देशांतर्गत उत्पादनात मोजला जात नाही. त्याच पातेल्यातील एक वाडगे पाहुण्याला दिले की ते मोजले जाते. केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोल कामांत सहभागी होणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्या कामांत घालवत होत्या, तर सहभागी पुरुष ९७ मिनिटे. गृहनिवासामुळे या २९९ मिनिटांतील काही मिनिटांना प्रथमच किंमत मिळते आणि ती बहुधा स्त्रीच्या हाती येते. मार्खा खोऱ्यात वाटेवर जुन्या पॅराशूटच्या कापडाखाली चहाची दुकाने मांडणाऱ्याही प्रामुख्याने गावच्या स्त्रियाच आहेत.

मात्र येथे हात राखून बोलले पाहिजे. पाहुण्यांचा हंगाम जून ते सप्टेंबर. सातूची कापणीही त्याच काळाच्या अखेरीस येते. मुले लेहच्या शाळांत आणि वसतिगृहांत गेलेली, पुरुष सैन्याच्या कामावर किंवा वाहन चालवण्यावर. अशा घरात पाहुण्याचा नाश्ता, गुरांचे दूध आणि शेताचे पाणी ही तिन्ही कामे पहाटे एकाच बाईच्या वाट्याला येतात. तिच्या उत्पन्नात वाढ झाली हे खरे. तिच्या विश्रांतीचे काय झाले, याचा रकाना कोणत्याही योजनेच्या अहवालात सहसा नसतो.

सरमोली आणि वनपंचायत

कुमाऊँमधील मुनस्यारीजवळचे सरमोली हे दुसरे उदाहरण. समोर पंचाचूली शिखरांची रांग आणि मिलम हिमनदीकडे जाणारी जुनी वाट. या जोहार खोऱ्यातील शौका व्यापारी १९६२ पर्यंत तिबेटशी मीठ, लोकर आणि धान्याचा व्यापार करीत. पलीकडील ठरलेल्या व्यापारी सोबत्याला ते ‘मित्र’ म्हणत आणि हे नाते पिढ्यान्‌पिढ्या चाले. पाहुण्याला घरात घेणे हा येथे व्यवहाराचा पायाच होता. सीमा बंद झाली आणि हे अर्थकारण एका वर्षात संपले.

सरमोलीत २००४ पासून गृहनिवास चालवले जात आहेत, त्यांच्यामागे माटी ही स्थानिक स्त्रियांची संघटना आहे. उपक्रमाच्या एक प्रवर्तक मलिका विर्दी या वनपंचायतीच्या सरपंचही होत्या. वनपंचायत ही संस्था १९३१ च्या नियमांपासूनची आहे. ब्रिटिश वनखात्याच्या निर्बंधांविरुद्ध कुमाऊँत उसळलेल्या असंतोषातून ती आली आणि आज उत्तराखंडात अशा अकरा हजारांहून अधिक पंचायती आहेत. सरमोलीचे वैशिष्ट्य असे की पाहुण्यांचा उद्योग वनपंचायतीच्या जंगलाच्या राखणीशी जोडला गेला. पाहुणा ज्या देखाव्यासाठी आणि पक्ष्यांसाठी येतो ते जंगल गावाचे, तेव्हा त्याच्या निगराणीत हातभार लावणेही गावाचेच काम. २०२३ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने सरमोलीला देशातील सर्वोत्कृष्ट पर्यटन ग्राम म्हणून गौरवले.

या यशाकडे पाहताना भोवतालचे चित्रही ध्यानात ठेवावे. २०११ च्या जनगणनेत उत्तराखंडातील १,०५३ गावे निर्जन आढळली. त्या दशकात पौडी गढवाल आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. राज्याने २०१७ मध्ये स्थापन केलेल्या पलायन आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार २०११ नंतर आणखी ७३४ गावे ओस पडली. पाहुण्यासाठी एक खोली, एवढ्याने ही ओहोटी थांबेल असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. लोक शाळा, दवाखाना आणि नोकरी यांसाठी गाव सोडतात. देखावा पुरेसा नाही म्हणून नव्हे.

एकट्याने चालण्याची जोखीम

लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. विमानाने उतरलेल्या माणसाने निदान दोन दिवस विश्रांती घ्यावी, हा नियम तरुण आणि धडधाकट लोकच अधिक मोडतात. रुमबाकच्या पुढची गांडा ला खिंड सुमारे ४,९०० मीटरवर, तर मार्खा खोऱ्याच्या शेवटची कोंगमारू ला ५,००० मीटरच्याही वर आहे. डोकेदुखी, मळमळ आणि तोल जाणे या लक्षणांची क्रमवारी एकट्या माणसाला स्वतःची स्वतःला नीट कळत नाही. बर्फ वितळून दुपारनंतर ओढे फुगतात. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी चार वाजता मांडीपर्यंत येऊ शकते.

अशा वेळी यजमान घर ही एक विमा-यंत्रणा ठरते. कोण आला, कोठून आला, सकाळी किती वाजता कोणत्या दिशेने निघाला हे त्या घराला ठाऊक असते. ‘ओढा सकाळीच ओलांडा’ हा सल्ला भाड्यात धरलेला नसतो, पण त्याची किंमत भाड्याहून अधिक असू शकते. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने यजमानीण घरात असणे हीच निवडीची पहिली अट असते.

पण दुसरी बाजूही आहे. वाटाड्या न घेणारा प्रवासी गावातील एका तरुणाचा रोजगार वाचवतो आणि हरवला की त्याच तरुणाला रात्री शोधायला पाठवतो. बचत खाजगी, शोधाचा खर्च सार्वजनिक. नेपाळने एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रिकांना वाटाड्याविना पदभ्रमणास मनाई केली, त्यामागे हा विचार होता, आणि वाटाड्यांचा रोजगार हाही होता. सरसकट सक्तीपेक्षा खिंडीच्या दिवसापुरता यजमान गावातील वाटाड्या घेणे हा मार्ग अधिक योग्य वाटतो. मग त्या दिवसाची मजुरीही त्याच गावात राहते.

खोल्यांना अनुदान, नियमांना काय?

विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी काही टप्पे सांगणे आवश्यक आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ‘अतुल्य भारत’ न्याहारी-निवास योजनेत एक ते सहा खोल्यांच्या घरांची सुवर्ण व रजत अशी वर्गवारी होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या व्हायब्रंट व्हिलेजेस कार्यक्रमासाठी ४,८०० कोटी रुपयांची तरतूद होती. त्याच्या पहिल्या टप्प्यात अरुणाचल प्रदेश, सिक्कीम, उत्तराखंड, हिमाचल प्रदेश आणि लडाखमधील ६६२ सीमावर्ती गावे घेण्यात आली. पर्यटन हे त्याचे एक अंग आहे. २०२४ मधील जनजातीय उन्नत ग्राम अभियानात आदिवासी भागांत १,००० गृहनिवासांचा संकल्प आहे, तर २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात गृहनिवासांसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. योजनांची नावे आणि वर्षे पाठ करणे सोपे आहे. त्या नेमक्या कशाला पैसा देतात, हे पाहणे अधिक फलदायी.

बहुतेक पैसा खोलीला मिळतो. कर्ज काढून बांधलेल्या खोलीचा हप्ता दरमहा भरावा लागतो आणि हप्ता पाळीची वाट पाहत नाही. असलेल्या घरातील रिकामी खोली देणाऱ्याचा खर्च नगण्य असतो. म्हणून पाहुणा आला नाही तरी तो बुडत नाही. २०२० मध्ये महामारीने हंगाम बुडाला, तेव्हा ज्यांनी शेत आणि जनावरे सोडली नव्हती त्यांच्या घरात निदान सातू तरी होता. जागेचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. ५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील धराली येथे खीरगाड नाल्याला आलेल्या लोंढ्यात हॉटेले आणि गृहनिवास गाडले गेले. वस्तीचा तो भाग नाल्याने पूर्वी आणून टाकलेल्या गाळावरच उभा होता. जुनी गावे बहुधा चढावर, प्रवाहापासून दूर असत. नवी खोली रस्त्यालगत आणि पाण्याच्या काठी हवी असते, कारण पाहुण्याला तेथेच थांबावेसे वाटते.

गावाने नकार दिल्याचेही उदाहरण आहे. लेहजवळचे स्टोक कांग्री हे ६,००० मीटरहून उंच शिखर गिर्यारोहकांच्या गर्दीने इतके गजबजले, की स्टोक गावाच्या पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. ग्रामस्थ आणि पर्यटन व्यावसायिकांच्या निर्णयाने २०२० पासून ते चढाईसाठी बंद करण्यात आले. उत्पन्न बुडणार हे ठाऊक असून घेतलेला हा निर्णय होता.

हिमबिबट्याचे काय झाले, हे विचारले जाईल. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातील पहिल्या शास्त्रशुद्ध गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे असून त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. पूर्वीची तुलनायोग्य गणना नसल्यामुळे या आकड्याचे श्रेय कोणत्याही एका उपक्रमाला देता येत नाही. एवढे मात्र दिसते की जानेवारी ते मार्च या कडाक्याच्या थंडीत केवळ तो प्राणी दुरून पाहण्यासाठी लोक रुमबाकला येतात आणि त्याच घरांत राहतात.

दरम्यान मार्खा खोऱ्यात चिलिंगच्या बाजूने मोटाररस्ता आत सरकला आहे. पूर्वी स्क्यूला पोहोचण्यासाठी खिंड ओलांडून दोन-तीन दिवस चालावे लागे. आता तेथे वाहन जाते आणि पदयात्रा तितक्याच दिवसांनी आखडते. त्या मुक्कामांवरील घरांचे पाहुणे कमी होणार. पण बाळंतिणीला लेहच्या रुग्णालयात नेण्यासाठी तोच रस्ता आहे, आणि गावकऱ्यांनी तो वर्षानुवर्षे मागितला होता.